वायरच्या दुसऱ्या टोकाला

"मॅडम, हुल्याळकर सर माझ्याशी हिंदीत बोलले."

बादशहा मुजावर दारात उभा होता. खांद्याला पिशवी, पिशवीत कुठल्याशा मेलेल्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय, आणि तोंड असं की मिरजेहून येताना वाटेत कुणीतरी थोबाडीत मारली असावी.

"हिंदीत म्हणजे?"

"हिंदीत म्हणजे हिंदीत. मी वर जाऊन बेल मारली. दार उघडलं न्हाई. आतनंच म्हणाले, 'मेरा स्वास्थ्य ठीक नहीं है, कृपया आप लौट जाइए.' आप म्हणाले, मॅडम. मला! काल फोनवर गाढवा म्हणाले होते."

मी ओट्यावर जुन्या फ्लॉप्या पसरून, कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून त्यांच्यावरची बुरशी पुसत होते. बुधवार होता, साडेअकरा वाजले असतील. हुल्याळकरांचं आणि माझं रविवारपासून बोलणं बंद होतं, त्यामुळे मी मान वर केली नाही.

"हिंदीत बोलू देत नाहीतर कानडीत बोलू देत. मला काय सांगतोस?"

"आजारी असतील तर?"

"आजारी माणूस स्वास्थ्य म्हणत नाही. ताप आलाय म्हणतो."

हे वाक्य माझ्याच तोंडून गेलं आणि माझाच हात थांबला.

आम्ही कोण ते आधी सांगते. अनंत हुल्याळकर एका साखर कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात एकतीस वर्षं होते. निवृत्त झाले त्याच महिन्यात कारखान्याने आपला सगळ्यात पहिला कॉम्प्युटर भंगारात काढला, आणि हे गृहस्थ तो टेम्पोत घालून विश्रामबागेतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर घेऊन आले. त्या दिवशी नलिनीवहिनींनी त्यांना जेवायला वाढलं नाही. मी कुमुद मगदूम, पहिल्या मजल्यावर. गणपती पेठेत माझी टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. सांगलीतल्या निम्म्या कारकुनांची बोटं मी सरळ केली आहेत. टाइपरायटर गेले तेव्हा मी कॉम्प्युटर आणले. कॉम्प्युटर जुने झाले तेव्हा विद्यार्थी गेले, कॉम्प्युटर राहिले. बादशहा त्याच विद्यार्थ्यांपैकी एक, चाळीस शब्दांच्या परीक्षेत दोनदा नापास झालेला. पण मिरजेत टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकल्यावर त्याच्या त्याच बोटांनी अशी काही सोल्डरचा डाग देण्याची कला साधली, की मेलेलं बोर्ड उठून बसायचं.

आमच्या तिघांच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव 'मृत संगणक उद्धारक मंडळ' होतं. कुणी टाकून दिलेले कॉम्प्युटर आणायचे, फुगलेले कपॅसिटर बदलायचे, गळक्या बॅटऱ्या काढायच्या, आणि ज्या कामाची जगाला गरज उरलेली नाही ते काम त्यांच्याकडून पुन्हा करून घ्यायचं, असा एकूण उद्योग. येणारे-जाणारे विचारायचे, "याचा उपयोग काय?" हुल्याळकर चष्म्यावरून बघून विचारायचे, "तुमचा काय?"

या उद्योगातला आमचा कळस म्हणजे वायर. त्यांच्या घरातला एक जुना कॉम्प्युटर आणि माझ्या घरातला एक, यांना जोडणारी वायर आम्ही बाथरूमच्या डक्टमधून खाली सोडली होती. मी इथे टाइप केलं की तिथे हिरव्या अक्षरांत उमटायचं, आणि तिकडून आलेलं इथे. इंटरनेट नाही, वाय-फाय नाही, मधे कुणी नाही. फक्त इंग्रजी कॅपिटल अक्षरं उमटायची, म्हणून आम्ही त्या अक्षरांत मराठी लिहायचो. 'आमटीत मीठ जास्त पडलंय, बटाटा आहे का' असा मजकूर आम्ही चाळीस वर्षांपूर्वीच्या यंत्रांवरून पाठवत होतो. हुल्याळकर अभिमानाने म्हणायचे, "मगदूमबाई, जगातलं कुणीही हे चोरून वाचू शकत नाही." मी म्हणायचे, "जगातलं कुणी वाचेल कशाला?"

सुरक्षितता हे त्यांचं वेड होतं. घराच्या दाराला तीन कुलपं. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी. दर दोन महिन्यांनी एखाद्या सोसायटीत 'इंटरनेटवरील फसवणूक आणि आपण' असं व्याख्यान. त्या रविवारी ते आमच्याच बिल्डिंगच्या गच्चीवर होतं. मी पहिल्या रांगेत. खरं तर नंतर उप्पीट होतं म्हणून गेले होते. पासवर्डचा विषय निघाला आणि हुल्याळकर रंगात आले.

"आपल्याच बिल्डिंगमध्ये एक सुशिक्षित महिला आहेत. आयुष्यभर टायपिंग शिकवलं. यांचा सगळीकडे एकच पासवर्ड. ए एस डी एफ! टायपिंगचा पहिला धडा! आणि तोसुद्धा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवलेला!"

चाळीस माणसं वळून माझ्याकडे बघून हसली. त्यातल्या निदान सहा जणांना मीच तो धडा शिकवला होता. उप्पीट न खाता मी घरी आले, वायर मशीनमधून हिसडून काढली, ती डक्टमध्ये ढकलली आणि भोकात वर्तमानपत्राचा बोळा कोंबला.

तर बुधवारी साडेअकराला मी हातातला बोळा खाली ठेवला आणि बादशहाला विचारलं, "अजून काय दिसलं?"

"खिडकीला चादर लावलीय आतनं. आणि सरांच्या आवाजामागं अजून एक आवाज होता. मोबाइलमधला. 'किससे बात कर रहे हो' असा."

बादशहाने आणि मी एकमेकांकडे बघितलं. रविवारी तोही गच्चीवर होता. बंद खोली, झाकलेली खिडकी, व्हिडिओ कॉलवर स्वतःला पोलीस म्हणवणारा हिंदीतला साहेब, कुणाला सांगायचं नाही, फोन कट करायचा नाही. हुल्याळकरांनी फळ्यावर ओळीने लिहून दाखवलं होतं. तेव्हा 'डिजिटल अटक' हा शब्द नवीन होता, आम्ही तो त्यांच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकला होता.

"शक्यच न्हाई," बादशहा म्हणाला. "सरांनीच तर शिकवलं."

"मी पोहायला शिकवणारा माणूस बुडताना बघितलाय," मी म्हणाले आणि चपला घातल्या.

वर जाऊन मी दार बडवलं. "हुल्याळकर! दार उघडा!"

आत शांतता. मग आवाज आला, शाळेत कविता म्हणावी तसा, "बहनजी, मैं विश्राम कर रहा हूँ."

बहनजी! सोळा वर्षं हा माणूस मला मगदूमबाई म्हणत आला होता.

फोन लावला तर व्यस्त. नलिनीवहिनी मुलीच्या बाळंतपणासाठी हुबळीला होत्या. त्यांना सांगून तिथे घबराट करण्यात अर्थ नव्हता. बादशहाने जिन्यातली ब्रॉडबँडची वायर खुशाल उपटली, पण आतलं बोलणं चालूच राहिलं, म्हणजे मोबाइलचं नेट वापरत होते. दार तोडायचं तर बाहेर लोखंडी जाळी, आत तीन कुलपं. सुरक्षिततेचं वेड असलेल्या माणसाला वाचवणं किती अवघड असतं ते त्या दिवशी कळलं.

"पोलिसांना आणतो," बादशहा म्हणाला.

"आण. पण आधी त्यांना कळायला हवं की हे फोनवरचे पोलीस खोटे आहेत. नाहीतर दारात खरे पोलीस बघून हार्ट ॲटॅक यायचा त्यांना. वाटेल, आले न्यायला."

"कळवणार कसं? फोन त्यांच्या हातात, समोर कॅमेरा."

मी काही न बोलता खाली आले आणि बाथरूममधल्या भोकातून वर्तमानपत्राचा बोळा ओढून काढला. वायर हाताला लागली. टोकाचा कनेक्टर मात्र मी रविवारी असा हिसडला होता की दोन तारा सुटून लोंबत होत्या. बादशहाने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"लई राग होता, मॅडम."

"जोड गप्प."

त्याने माझ्या ओट्यावर, फ्लॉप्यांच्या मधोमध, तारा जोडल्या. मशीन सुरू केलं. वरचं मशीन चालू असणार याची मला खात्री होती. हुल्याळकर ते कधीच बंद करत नसत. एकदा बंद केलं तर पुन्हा उठेल याचा भरवसा नव्हता. आणि ते त्यांच्या कामाच्या खोलीतच होतं, जिच्या खिडकीला चादर लावली होती. बादशहा मोटरसायकल काढून पोलीस ठाण्याकडे गेला. मी खुर्ची ओढली.

इथून पुढचा मजकूर वाचायला सोपा जावा म्हणून देवनागरीत देते.

मी लिहिलं, 'हुल्याळकर, ते पोलीस नाहीत.'

काही नाही. माझ्या पडद्यावरचा हिरवा चौकोनी ठिपका लुकलुकत राहिला.

'फोन ठेवा. चोर आहेत.'

काही नाही.

'रविवारी तुम्हीच सांगितलं. फळ्यावर लिहून.'

काही नाही. आणि मग माझ्या बोटांनी सवयीने घात केला. आमच्यात प्रत्येक निरोपाच्या शेवटी घंटा वाजवायची पद्धत होती. दोन कळा एकदम दाबल्या की पलीकडे टिंग व्हायचं. मी दाबल्या. दोन मजले वर, त्या चोरांच्या कानासमोर, टिंग झालं असणार. मी कपाळावर हात मारला.

मिनिटभराने एक एक अक्षर उमटू लागलं.

'कोण?'

'कोण म्हणजे काय? मी. मगदूम.'

'कशावरून?'

हा माणूस! गळ्याशी सुरी लागलीय आणि हा मला ओळखपत्र मागतोय.

'तुमच्या डोक्यावरून,' मी लिहिलं.

'हा सापळा असू शकतो. तुमचा पासवर्ड सांगा.'

'तो सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे. तुमच्या कृपेने.'

मग मीच लिहिलं, 'तुमच्या मॉनिटरचा पिवळा पडलेला डबा पांढरा करायला ब्यूटी पार्लरचं केसांचा रंग उडवायचं क्रीम कुणी आणलं? सहा बाटल्या. दुकानदाराला काय सांगितलं?'

ही गोष्ट आमच्या दोघांखेरीज कुणाला माहीत नव्हती. हुल्याळकरांना त्या दुकानात जायची लाज वाटली होती. मी गेले होते, आणि सहा बाटल्या कशाला म्हणून विचारल्यावर भाचीच्या लग्नात सगळ्या बायका सोनेरी केस करणार आहेत असं सांगून आले होते.

'सोनेरी केस,' उत्तर आलं. आणि लगेच, 'वायर काढा.'

मला वाटलं मी चुकीचं वाचलं.

'काय?'

'वायर काढा. लगेच. डक्टमधून ओढून घ्या. जाळून टाका.'

आता माझं डोकं फिरलं. म्हणजे रविवारचं अजून मनात होतं! वायर मी तोडली होती, त्यांना न विचारता पुन्हा जोडली, हा यांना अपमान वाटत होता. वर तोतया पोलीस आयुष्यभराच्या ठेवीवर हात मारायला टपलेत आणि हा गृहस्थ भांडण चालवतोय.

मी मिनिटाला साठ शब्द टाइप करते. पुढची दोन मिनिटं मी पूर्ण वेगाने शिव्या दिल्या. त्यात त्यांचा कारखाना आला, तीन कुलपं आली, त्यांचं व्याख्यान आलं, आणि आमटीतलं मीठ आलं. शेवटी लिहिलं, 'वायर काढणार नाही. काय करायचं ते करा.'

'तुम्हाला कळत नाही,' उत्तर आलं. 'तीन वाजता बँकेत जायचंय. ठेव मोडायची. मग सोडतील. तोपर्यंत तुम्ही काहीच करू नका. वायर काढा.'

घड्याळात पावणेदोन.

मला एक गोष्ट कळेना. टकटक करत हा माणूस एवढं टाइप करतोय, ते समोरच्याला ऐकू येत नाही? तेही विचारलं.

'जबाब लिहून द्यायला सांगितलाय. अक्षर वाईट आहे, टाइप करतो म्हणालो. चोवीस पानं झाली.'

चोवीस पानं! मी डोकं धरून बसले. या माणसाला 'ते चोर आहेत' असं शंभरदा सांगून उपयोग नव्हता. ज्ञान सगळं त्याच्याच जवळ होतं. ते ज्ञान आणि तो यांच्यामध्ये एक खाकी शर्ट बसला होता.

खाकी शर्ट. मला एकदम माझा पुतण्या आठवला. लॉकडाऊनमध्ये तो माझ्याकडे अडकला होता. कमरेच्या वर इस्त्रीचा शर्ट आणि टाय, कमरेच्या खाली बर्म्युडा, अशा अवतारात रोज ऑफिसच्या मीटिंगा करायचा.

'त्या साहेबाला उभं राहायला सांगा,' मी लिहिलं.

'का?'

'सांगा.'

'डीसीपी आहेत ते. असं कसं सांगू?'

'म्हणा, साहेब, जबाब पूर्ण झाला, सही करण्याआधी तुम्हाला सॅल्यूट करायचाय. माझ्या वडिलांची शिकवण आहे. तुम्ही उभं राहून स्वीकारलात तर उपकार होतील.'

'माझे वडील पोस्टात होते.'

'हुल्याळकर!'

मग काहीच आलं नाही. ठिपका लुकलुकत होता. वरून कुठला आवाज येतो का म्हणून मी कान लावला. पाइपातून पाणी वाहिल्याचा आवाज तेवढा आला. मी एका हाताने ओट्यावरच्या फ्लॉप्या उगीच एकावर एक रचत होते. दोन मिनिटं गेली. मग अक्षरं आली, फार सावकाश, जणू लिहिणाऱ्याच्या बोटांचा अक्षरांवर विश्वास बसत नव्हता.

'चड्डी.'

मी खुर्ची आणखी पुढे ओढली.

'निळी. वर बदकं आहेत.'

मी जिना चढून कधी वर गेले मला माहीत नाही. मी पोहोचले तेव्हा आतून कुलपं निघत होती. एक, दोन, आणि तिसऱ्याची किल्ली बराच वेळ भोकात बसेना. दार उघडलं. हुल्याळकर इन केलेल्या शर्टात उभे होते, पायात पॉलिश केलेले बूट. घरात! सकाळी साडेनवापासून हा माणूस बूट घालून बसला होता, कारण 'शालीनतेने' बसायला सांगितलं होतं. हातात मोबाइल आणि मोबाइलमध्ये मिशीवाला एक माणूस, आता पुन्हा खाली बसलेला, ओरडत होता, "कौन है वहाँ? मैं वारंट भेज रहा हूँ!"

मी फोन त्यांच्या हातातून घेतला.

"बदकं छान आहेत," मी मराठीतच म्हणाले आणि कट केलं.

हुल्याळकर तिथेच, दारातल्या चपलांच्या स्टुलावर बसले. मी पाणी आणलं. अर्धं प्यायले, अर्धं शर्टावर सांडलं. त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य आलं ते असं:

"वायर काढलीत का?"

मी पेला जोरात ठेवला. "नाही काढली. आणि काढणार नाही. तुम्हाला लाज नाही वाटत? जीव वाचवला तर आभार नाहीत, आपलं एकच, वायर, वायर!"

ते बुटाची नाडी सोडायला वाकले, पण ती त्यांना सुटेना. शेवटी मी खाली बसून सोडली.

अडीचच्या सुमारास बादशहा आला. त्याच्याबरोबर पीएसआय तेजश्री खोत आणि एक कॉन्स्टेबल. खोतबाई सत्तावीस-अठ्ठावीसच्या असतील. त्या आत आल्या तसे हुल्याळकर उठून उभे राहिले आणि चेहऱ्याकडे बघायच्या आधी त्यांनी खाली बघितलं. खाकी पँट. पट्टा. बूट. मग सुस्कारा सोडून ते खाली बसले. खोतबाईंना काय वाटलं असेल कोण जाणे. बदकांचं माझ्याकडून फोनवर ऐकलेल्या बादशहाने तोंड फिरवून हसू दाबलं.

"पैसे गेले?" खोतबाईंनी विचारलं.

"नाही. तीनला बँकेत जायचं होतं."

"वाचलात, काका. बहुतेक लोक पैसे गेल्यावर आमच्याकडे येतात. आता सगळं सावकाश सांगा. लाजू नका. माझे मामा प्रोफेसर आहेत, तेही सापडले होते."

हुल्याळकरांनी सांगितलं. त्यांच्या नावाचं कुठलंसं पार्सल, त्यात बनावट पासपोर्ट. मग बदली झालेला साहेब, मग त्याच्यावरचा साहेब. आधारचा नंबर दिला. पॅन दिला. बँका किती, ठेवी कुठे, मुलीचं नाव, जावयाची नोकरी, सगळं दिलं. सांगताना त्यांचा आवाज कारखान्यात आकडे वाचून दाखवावेत तसा कोरडा होता. आपलंच व्याख्यान उलट्या बाजूने म्हणत होते.

"पण तुम्ही तर यावर व्याख्यानं देता म्हणे," खोतबाई म्हणाल्या. "संशय नाही आला?"

"आला होता. पहिल्या दहा मिनिटांतच. पार्सलवर माझा विश्वास नव्हता." ते थांबले. "मग त्यांनी विचारलं, घरात कुठली बेकायदा यंत्रणा आहे का? खरं बोललात तर सोडून देऊ."

"मग?"

"मला वायर आठवली."

"कसली वायर?"

त्यांनी बाथरूमच्या दिशेला बोट केलं. "दोन घरांमध्ये संदेश पाठवायची लाइन. परवाना काढलेला नाही."

"त्याला परवाना लागतो?"

"ते मला माहीत नाही. म्हणूनच घाबरलो. एकतीस वर्षांत बिनपरवान्याची एक गोष्ट केली नाही मी. वाटलं, बाकी सगळं खोटं असेल, पण हे तर खरंच आहे. हे यांना सापडलं म्हणजे हे खरेच पोलीस." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मी सांगून टाकलं आणि त्यांच्या हाती आयतं कोलीत मिळालं. म्हणाले, ही हेरगिरीची लाइन आहे. दुसऱ्या टोकाला कोण आहे त्याचं नाव सांगा, त्यालाही उचलतो. दहा वाजल्यापासून तेच. नाव सांगा, तुम्हाला सोडतो. नाव सांगा, ठेव मोडायची गरज नाही."

मी ज्याला अहंकार समजून दोन मिनिटं साठच्या वेगाने शिव्या दिल्या होत्या, ते काय होतं हे मला तेव्हा कुठे कळलं.

"मग सांगितलंत?" खोतबाईंनी विचारलं.

"नाही. ठेव मोडतो म्हणालो."

"अहो, आधार दिलात, पॅन दिलात, सगळं घर उघडं करून दिलंत. एवढंच का नाही दिलंत?"

हुल्याळकरांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"ते सगळं माझं होतं," ते म्हणाले. "दिलं, मूर्खपणा केला. हे माझं नव्हतं. दुसऱ्याचं एकदा चार लोकांत सांगून बसलोय. रविवारी. पुन्हा नाही."

बादशहा खिडकीशी गेला आणि लावलेली चादर काढायला लागला. तिला पिना फार होत्या, त्याला बराच वेळ लागला.

खोतबाईंनी कागद सरळ केला. "बरं. पण मला हे फिर्यादीत लिहावं लागेल. दुसऱ्या टोकाला कोण होतं?"

हुल्याळकरांनी पंख्याकडे बघितलं.

"काका, मी खरी पोलीस आहे."

"असाल. दिसतंय मला."

"मग नाव सांगा."

"तुम्ही माझी फिर्याद लिहा. ते नाव माझ्याकडून मिळणार नाही."

कॉन्स्टेबलने कपाळाला हात लावला. खोतबाई एकदा त्यांच्याकडे, एकदा बादशहाच्या पाठीकडे बघत राहिल्या. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर खुर्चीत बसले होते.

"मी," मी म्हणाले. "मी होते दुसऱ्या टोकाला. लिहा. कुमुद अण्णासाहेब मगदूम. पहिला मजला, फ्लॅट नंबर तीन. मोबाइल नंबर घ्या. जन्मतारीख घ्या."

खोतबाईंनी पेन उचललं.

"जन्मतारीख कशाला?" हुल्याळकर एकदम खुर्चीत ताठ झाले. सकाळपासून पहिल्यांदा त्यांचा आवाज त्यांच्यासारखा निघाला. "विचारली का त्यांनी? नाव विचारलंय, नाव सांगा. न विचारलेली माहिती कुणालाही द्यायची नसते, मगदूमबाई, पोलिसांनासुद्धा नाही!"

मी जन्मतारीख सांगितली. मोठ्यांदा, आधी आकड्यांत आणि मग अक्षरी.